पहिल्याच दिवशी घड्याळ लावू नकोस

अगं, उपवन तलावाकाठी मुलींना पळवायला घेते आहेस, फार बरं वाटलं. पण पहिला महिना वेळ मोजूच नकोस. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा-सात वेळा पुरे. पळताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागली तर वेग कमी. ठाण्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग तापतं, म्हणून पाण्याची बाटली हवीच. शाळेतून थेट येणाऱ्या मुली उपाशी असतात, अर्धा तास आधी केळं खायला सांग.

पाळीबद्दल तूच आधी मोकळेपणाने बोल. पिशवीत पॅड ठेव. त्या दिवसांत पळायचं की बसायचं, ते मुलगी ठरवेल. आणि वजनावर एक शब्दही नाही, कौतुकाचासुद्धा. माझ्या तुकडीतली एक मुलगी असल्याच एका वाक्याने यायची थांबली, अजून सलतं मला.

साताऱ्याच्या ललिता बाबरची गोष्ट जरूर सांग: २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी. मुली टक लावून ऐकतात.

अंधारायच्या आत सगळ्या घरी. सोबत दुसरी एखादी ताई असल्याशिवाय सराव घेऊ नकोस.