परभणीच्या, मराठी माध्यमात शिकलेल्या एकानं विचारलंय: इंग्रजी शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही. चूक कुठं होते?

बहुतेक चूक जोर देण्यात होते. मराठीत आपण ज्वारीचं माप भरावं तसं प्रत्येक अक्षर जवळपास सारखंच भरून बोलतो. इंग्रजीत मात्र शब्दातल्या एका सिलॅबलवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर येतो. तो तुकडा लांब आणि ठसठशीत होतो, बाकीच्यांचे स्वर दबून बऱ्याचदा पुसट 'अ' होतात.

मी लातूरचा. पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत 'डेव्हलप'च्या 'डे'वर जोर दिला, तर समोरच्या मॅडमनी दोनदा विचारलं, "सॉरी?" खरा उच्चार डि-व्हे-लप, जोर 'व्हे'वर. 'हॉटेल'चंही तसंच, हो-टेल, जोर 'टेल'वर. (बसस्टँडसमोरच्या हॉटेलात असं म्हणू नका, पोरगं चहा आणायचं सोडून तुमच्याकडंच बघत बसेल.)

जोर जागाही बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्या सिलॅबलवर (फ-टॉ-ग्र-फी), 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. शेवटी 'शन' किंवा 'इक' आलं की जोर बहुधा त्याच्या लगेच आधी, जसं एज्युकेशनमध्ये 'के'वर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

सिलॅबलही मोजा. 'स्कूल' एकच आहे, 'इस्कूल' म्हटलं की दोन झाले. उलट 'कम्फर्टेबल' लिहिताना चार, बोलताना बहुतेक तीनच: कम्फ-ट-बल.

डिक्शनरीत जोराच्या सिलॅबलआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. नवा शब्द दिसला की अर्थाआधी ती रेघ शोधा.