१७व्या शतकातल्या युरोपीय सैनिकांचं पोलादी चिलखत बंदुकीची गोळी अडवायचं का?

पिस्तुलाची गोळी चांगलं चिलखत बरेचदा अडवायचं. जड मस्केटची (पायदळाच्या लांब नळीच्या बंदुकीची) जवळून आलेली गोळी मात्र सहसा नाही. छातीचे महागडे पत्रे विकण्याआधी कारागीर त्यांच्यावर गोळी झाडून बघत आणि पडलेला पोचा मुद्दाम तसाच ठेवत. संग्रहालयांतल्या अनेक चिलखतांवर तो आजही दिसतो (लोक त्याला लढाईतली खूण समजतात!). प्रत्यक्ष उदाहरण इंग्लंडच्या यादवी युद्धातलं. १६४३ मध्ये राउंडवे डाउनच्या लढाईत राजाच्या बाजूच्या रिचर्ड ॲटकिन्सने संसदेच्या बाजूच्या सर आर्थर हेसलरिगवर अगदी जवळून पिस्तूल झाडलं, पण हेसलरिग वाचला. शेवटी ॲटकिन्सला हेसलरिगच्या घोड्यावर वार करावा लागला. हे खुद्द ॲटकिन्सनेच आठवणींत लिहून ठेवलंय.

पण हेसलरिगचं घोडदळ डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पत्र्यात होतं, म्हणून त्यांना ‘लॉब्स्टर’ (टणक कवचाचा समुद्री शेवंड) म्हणत. साध्या भालाइताचा पत्रा बराच पातळ असे. तो तलवार-भाल्यापुरताच ठीक. मस्केट रोखायचं तर पत्रा इतका जाड करावा लागे की दिवसभर अंगावर वागवणं नको व्हायचं. त्यामुळे आधी हातापायांचं चिलखत गेलं, छातीचं आणि शिरस्त्राण मात्र बराच काळ टिकलं.