राष्ट्राध्यक्ष गेले, कागद कुणाचे?

प्रश्न: अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले की त्यांच्या नावाची लायब्ररी निघते म्हणे, तिथे असतं काय?

उत्तर: नुसती पुस्तकं शोधायला जाल तर फसाल! मुख्य माल म्हणजे पत्रं, फाइली, फोटो, टेप्स, आणि जोडीला म्युझियम, जिथे साहेबांचं कौतुक जरा जास्तच असतं. सुरुवात फ्रँकलिन रूझवेल्टनी केली, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला, १९४१ मध्ये म्युझियम उघडलं. तेव्हा कागद ज्याचे त्याचे असायचे हो, पण राष्ट्राध्यक्ष निक्सननी ऑफिसातली बोलणी गुपचूप टेप केली होती, त्या टेप्स कुणाच्या यावरून घोळ झाला आणि मग १९७८ ला कायदाच आला की रेकॉर्ड जनतेचं, लागू झाला रेगनपासून. सांभाळतं नॅशनल अर्काइव्हज, म्हणजे सरकारी दप्तरखाना. पद सोडून ५ वर्षं झाली की कुणीही अर्ज करून कागद मागू शकतं, काही मात्र १२ वर्षांपर्यंत बंद ठेवता येतात.