हळदीकुंकवाला ५० जणी येणार आहेत. मटारच्या करंज्या आदल्या दिवशी करून ठेवल्या तर मऊ पडतात, आयत्या वेळी तळायला हात नाहीत. काय करावं? की सरळ बेकरीतून पॅटिस आणावेत?

पॅटिसचं आधी सांगून टाकते: नको. चवीला वाईट म्हणून नाही, पण संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे निम्म्या जणी काळ्या साड्यांत येणार, आणि पॅटिसचा पहिला घास घेतला की पदरावर पापुद्र्यांचा सडा. त्यात एका हातात वाण, दुसऱ्या हातात तिळगूळ. करंजी दोन बोटांत धरून दोन घासांत संपते, म्हणून ती बरी.

आता करंज्या मऊ पडण्याबद्दल. हा प्रताप मी स्वतः केलेला आहे. लग्नानंतरचं पहिलंच मोठं हळदीकुंकू. दुपारी दोनपर्यंत साठेक करंज्या तळल्या आणि शहाणपणा करून गरमागरमच स्टीलच्या डब्यात भरून घट्ट झाकण लावलं. पाच वाजता उघडते तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब, आणि करंज्या अशा की उचलल्या की मान टाकतात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तवा ठेवला आणि एकेक करंजी कोरडीच शेकायला लागल्या. त्या दोन शब्द बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आपण अशा वेळी पारीला दोष देतो, मोहन कमी पडलं म्हणतो. मोहनाचा वाटा असतो, पण करंजी मऊ करतं ते मुख्यतः सारणातलं पाणी. बाहेरून तळून कडक झालेल्या पारीत ते आतून हळूहळू मुरत जातं. गूळखोबऱ्याची करंजी आणि सुक्या सारणाची करंजी यांच्या टिकण्यात जो फरक आहे, तोच इथे. म्हणून सगळी मेहनत सारण कोरडं करण्यावर घ्या.

५० जणींना दोन-दोन म्हणजे १०० लहान करंज्या. ३ किलो शेंगा आणा, सोलून सव्वा किलोच्या आसपास दाणे निघतील (कोवळ्या, टपोऱ्या बघून घ्या, जून दाणा पिठूळ लागतो). दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून भरड करा. अख्खे दाणे ठेवू नका. तळताना एखादा फुटतो, पारीला भोक पडतं आणि सारण तेलात उतरून करपतं, मग पुढच्या सगळ्या करंज्यांवर काळे ठिपके.

पसरट कढईत तेल, जिरं, हिंग, भरपूर आलं-मिरची, त्यावर मटार. झाकण ठेवायचं नाही. झाकणाखाली वाफेचं पाणी परत सारणातच पडतं आणि हिरवा रंगही मळकट होतो. मध्यम आचेवर परतत राहा, उलथन्याने कढईच्या मध्यातून रेघ ओढली आणि ती लगेच भरून आली नाही की झालं. मीठ आता शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. एका नारळाचं खोबरं वेगळं परतून घाला, चमचाभर साखर घाला. तरीही ओलसर वाटलं तर पातळ पोहे भाजून हाताने चुरा आणि मूठभर मिसळा, ते ओल शोषतात आणि चवीत लुडबुड करत नाहीत. कोथिंबीर आणि लिंबू सारण पूर्ण गार झाल्यावर. गरम सारणात लिंबू पिळलं की मटार पिवळट पडतो. कांदा-लसूण घालू नका. कांद्याने परत पाणी आलं, शिवाय त्या दिवशी खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या दोन्ही येतात.

पारीला ८०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बारीक रवा, मीठ आणि १०० मिली कडकडीत तेलाचं मोहन. मोहन चोळल्यावर पीठ मुठीत दाबलं की मुटका व्हायला हवा. पाणी थोडं थोडं, पीठ पुरीपेक्षाही घट्ट. अर्धा तास ओल्या फडक्याखाली, मग चांगलं मळून घ्या. कुणी साट्याच्या, म्हणजे पोळ्यांच्या थरांत तूप-पिठाचा लेप लावून लाटलेल्या, करंज्या करायला सांगेल. पदर सुरेख सुटतात, कबूल. पण १०० करंज्यांना साटा लावत बसायचं असेल तर हाताशी दोन जावा हव्यात, आणि पापुद्रे पुन्हा साडीवर पडायचे ते पडतातच.

पारी लाटली की सारण अर्ध्या भागात ठेवा आणि पारी दुमडल्यावर लगेच कड चिकटवू नका. आधी सारणाच्या अगदी जवळून बोटाने बाहेरच्या बाजूला दाबत या. आत अडकलेली हवा निघून जाते. ती राहिली तर करंजी कढईत फुगते आणि उकलते. मग कडेला पाण्याचं बोट, दाबणं आणि कातण फिरवणं. मुरड घालता येत असेल तर घाला, पण १०० करंज्यांना मुरड घालून बोटं दुखवून घेण्यात अर्थ नाही. शेवटी उरलेल्या पिठाचा आमच्याकडे एक मोदक होतोच, करंजीला एकटं ठेवायचं नाही म्हणून.

आता तुमची खरी अडचण, वेळेची. मी दोन गोष्टी करते. चार-पाच दिवस हाताशी असतील तर कच्च्या करंज्या ताटात सुट्या मांडून फ्रीजरमध्ये ठेवते आणि दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरते. तळताना बाहेर काढून नरम होऊ द्यायच्या नाहीत, तशाच गोठलेल्या तापलेल्या तेलात सोडायच्या, फक्त आच थोडी कमी आणि एका वेळी पाच-सहाच. नरम झाल्या की पारीला पाणी सुटतं आणि तेल उडतं.

एकच दिवस असेल तर सकाळी मंद आचेवर फिकट रंगावर तळून काढा, चाळणीवर किंवा जाळीवर पसरून उघड्याच ठेवा. कागदावर ढीग केला की खालच्या मऊ. संध्याकाळी तेल जरा जास्त तापवून दोन मिनिटांत दुसऱ्यांदा तळा, तेव्हा रंग येतो. तेलाची परीक्षा पिठाच्या गोळीने: पहिल्या वेळी ती सावकाश वर यावी, दुसऱ्या वेळी लगेच. दोन्ही वेळा धूर नको, पारीवर फोड येतात.

आणि हळदीकुंकवाला ५० जणी एकदम थोड्याच येतात? पाच ते नऊ, तीन-चारच्या घोळक्याने येतात. दहा-दहा करंज्यांचा एक घाणा काढत राहिलात तर प्रत्येकीला गरम मिळते. त्यासाठी गॅसपाशी एक भाची बसवा, वाण लुटायला तुम्ही मोकळ्या. काही जणी त्या संध्याकाळी तिसऱ्या घरी आलेल्या असतात, म्हणून करंजी लहानच ठेवा. चटणी बशीत करंजीशेजारी ओतू नका, वेगळ्या छोट्या वाटीत द्या.

सारण उरलंच तर दुसऱ्या दिवशी पावात भरून तव्यावर दाबून भाजा. आमच्याकडे मुलं त्यासाठीच थोडं जास्त करायला लावतात.