जुन्या डिझेल जीपला टर्बो बसवला तर घाटात गाडी हातात राहते का?

तुम्ही विचारलंय की महिंद्राच्या एमएम ५४० जीपला बाहेरून टर्बो (इंजिनाच्या धुराने फिरणारा, इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवला तर चिखलदरा-पचमढीच्या घाटात हँडलिंगमध्ये फरक पडतो, की फक्त ताकद वाढते. फरक पडतो, आणि भरपूर पडतो. "टर्बो ही इंजिनाची गोष्ट, हँडलिंग ही सस्पेन्शनची गोष्ट" असं म्हणणारा माणूस माझ्या घरातच आहे, माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्याशी हा वाद २०१६ पासून चालू आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

जीप बाबांची. १९९० चं मॉडेल, २११२ सीसीचं प्यूजो डिझेल, ६२ हॉर्सपॉवर. काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथल्या धुऱ्यांवरून मी याच जीपवर गाडी शिकले. पुढे नागपूर-काटोल वीस वर्षं मीच चालवली, मागे क्रेट भरून. त्या इंजिनाचा स्वभाव सरळ होता. पाय जितका दाबाल तितकं देणार, आणि लगेच देणार. द्यायचं कमीच, पण उधारी ठेवायचं नाही.

बाबा गेल्यावर दादाने टर्बोचं मनावर घेतलं. त्याचं म्हणणं, टर्बो डोंगरावरच सिद्ध झाला. ते खोटं नाही. १९१८ साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस नावाच्या इंजिनीअरने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर, ४,३०० मीटर उंचीवर नेलं आणि विरळ हवेत गेलेली ताकद टर्बोने परत आणून दाखवली. पण दादा, ते इंजिन ट्रकच्या पाठीवर बांधलेलं होतं आणि ट्रक उभा होता. त्याला एकही वळण घ्यायचं नव्हतं.

शिवाय आपल्याकडे विरळ हवेचा त्रास आहेच किती? दर ३०० मीटर चढाला साध्या इंजिनाची ताकद साधारण ३ टक्के उतरते. नागपूर ३१० मीटरवर, चिखलदरा १,१०० च्या थोडं वर. म्हणजे ८ टक्क्यांचा मामला. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हवेचा दाबच निम्म्यावर येतो. विदर्भातल्या घाटांसाठी उंचीचं कारण देऊ नका. भरलेली ट्रॉली ओढायची आहे असं सांगा, ते मी मान्य करीन.

वाडीकडच्या एका गॅरेजात काम झालं. टर्बो आणला भंगारातून, एका मोठ्या ट्रकच्या इंजिनाचा. मोठा आहे म्हणजे हवा जास्त फेकेल, असा हिशोब. मी तेव्हाच विचारलं होतं की ट्रकचा पंखा फिरवायला या लहान इंजिनाच्या धुरात दम कुठून येणार? "तुले कायचं समजते?" हे उत्तर मिळालं. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढेल तसं डिझेल वाढवणारी डबी डिझेलच्या पंपावर बसवलीच नाही, नुसता स्क्रू पिळून डिझेल वाढवलं. अमरावती रोडवर दादाने ९० ला गाडी पळवली, मागे काळ्या धुराचा पट्टा, आणि घरी येऊन पेढे वाटले.

ऑगस्टमध्ये आम्ही चिखलदऱ्याला निघालो. अमरावतीपर्यंत दादा, परतवाड्यापासून मी, कारण घाट मला पाठ होता. आई आणि वहिनी मागे. धुकं उतरलेलं, झाडांचा पाला रस्त्यावर कुजून डांबराला चिकटलेला, वायपर जेमतेम काच पुसत होता. जुन्या इंजिनाने चढावरचं वळण घ्यायची माझी पद्धत ठरलेली होती. तिसऱ्या गियरमध्ये, वळणाच्या आधीच पाय फळीला, कारण वळणात गाडी दम तोडते. वीस वर्षं पायात मुरलेली सवय.

एका डाव्या वळणाआधी मी तसाच पाय दाबला. गाडी काहीच बोलली नाही. स्टिअरिंग वळवायला घेतलं, गाडी अर्धी वळली, आणि तेव्हा बॉनेटखालून ती शिट्टी आली, आधी बारीक, मग एकदम चढी. पाय मी दोन सेकंद आधी दाबला होता, ताकद आत्ता आली, आणि ती सगळीच्या सगळी मागच्या दोन चाकांवर, ओल्या पाल्यावर, गाडी तिरपी असताना. मागचा भाग उजवीकडे फेकला गेला. मी पाय काढला, त्याबरोबर वजन पुढे आलं, मागची चाकं आणखी हलकी झाली आणि गाडी फिरली. पुढचं डावं चाक डोंगराकडच्या नालीत गेलं म्हणून थांबलो. मागचं उजवं चाक दरीकडच्या कठड्यापासून दीड हात. आईच्या बांगड्या फुटल्या, मनगट सुजलं. मागून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने आणि चार प्रवाशांनी गाडी उचलून बाहेर काढली.

दादाचं पहिलं वाक्य आईबद्दल नव्हतं. "पाय कायले काढला? बाईच्या हाती गाडी द्यायचीच नाही पाहा." त्यानंतर आमच्या घरातलं एकही लग्न असं झालं नाही जिथे हे वाक्य कोणीतरी मला ऐकवलं नाही.

मी दिवाळीनंतर बगीच्यात जाऊन मोजलं. गाडीला आरपीएम मीटर नाही, म्हणून गियर आणि स्पीड धरून. डॅशबोर्डवर बूस्टचा छोटा काटा टेपने चिकटवला आणि चुलतबहिणीला बाजूला बसवून मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं. तिसऱ्या गियरमध्ये २५ च्या स्पीडला पाय दाबला की काटा जवळजवळ दोन सेकंद जागचा हलत नाही, मग एकदम चढतो. त्याच गियरमध्ये ४० ला दाबला तर लगेच चढतो. घाटातलं वळण कोणत्या स्पीडला घेतात ते तुम्हाला माहीत आहे. व्हिडिओ दादाला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आजवर नाही.

आता ऐका. दादाचाच मुलगा कॅल्गरीला असतो, हिवाळ्यात मित्रांबरोबर डोंगरात स्नोमोबाइल (पुढे दोन स्की, मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी) चालवतो. गेल्या वर्षी फोनवर स्वतःहून सांगत होता. टर्बोने हँडलिंग बदलतं, हे तिथे उघड बोलतात. उतारावर आडवं जाताना माणूस एका बाजूच्या फळीवर उभा राहतो आणि गाडी तिरपी ठेवतो ती बहुतांश अंगठ्याखालच्या थ्रॉटलने. गाडी दोनशे किलोच्या आसपास, त्यामुळे पुढे वाढलेले पाच-दहा किलोसुद्धा जाणवतात. बाहेरून बसवलेल्या टर्बोत बूस्ट उशिरा आणि एकदम आला तर पट्टा जागच्या जागी बर्फ खणतो, नाहीतर पुढच्या स्की हवेत जातात आणि धरलेली रेषा सुटते. म्हणून नुसता टर्बो लावून भागत नाही, क्लचची वजनंही बदलून जुळवावी लागतात. स्नोमोबाइल बनवणाऱ्या स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये टू-स्ट्रोक इंजिनावर कारखान्यातूनच टर्बो दिला, त्यात ताकद वाढवण्यापेक्षा उंचावर ती जाऊ न देण्यावर भर होता. हे सगळं सांगून तो म्हणाला, "आत्या, सगळा खेळ थ्रॉटलचा आहे, बाकी गाडी नंतर." मी म्हटलं, बाबाला सांग.

तुमच्या जीपबद्दल. टर्बो, मॅनिफोल्ड, पाइप, इंटरकूलर मिळून पुढे वजन वाढतं, पण जीपला ते फार जाणवत नाही, पॉवर स्टिअरिंग नसेल तर गाडी मागेपुढे करताना थोडं जड लागेल. खरा फरक ताकद कधी येते यात आहे. म्हणून टर्बो लहानच घ्या, दोन-अडीच हजार सीसीच्या डिझेलसाठी बनलेला. त्याच्यावरची पट्टी वाचा, नंबर खोडलेला असेल तर हात लावू नका. बूस्ट अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) वर नेऊ नका. हे इंजिन मुळात टर्बोसाठी बनलेलं नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण, आधीच खूप आहे, हेड गॅस्केट पहिलं जाईल. पंप कॅलिब्रेट करून घ्या, नुसता स्क्रू पिळणाऱ्याला पैसे देऊ नका.

चालवताना वळणाआधी एक गियर खाली टाका, म्हणजे टर्बो आधीच फिरत असेल आणि ताकद पायाबरोबर येईल. वळणात पाय फळीला न्यायचा नाही, आणि मागचा भाग सुटलाच तर पाय झटक्यात काढायचा नाही, हळू सोडायचा. हो, त्या दिवशी मी झटक्यात काढला. पण दोन सेकंदांपूर्वीची उधारी वळणात वसूल करणाऱ्या गाडीबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं. जो टर्बो बसवतो त्याने चालवणाऱ्याला सांगायचं असतं.

ब्रेकचं राहिलं. चारही चाकांना ड्रम असतील तर त्यांचं काम टर्बोच्या आधी करा. चढताना वाढलेला वेग उतरताना टर्बो सांभाळत नाही. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतो. आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. आरटीओत आधी विचारा. अपघात झाला तर विमावाले हेच काढतील.

एक गोष्ट दादाच्या बाजूने लिहायची राहिली. त्या दिवशी मागचे टायर निम्म्याच्या वर झिजलेले होते, आणि टायर बघणं माझ्याकडे होतं. पण आदल्या पावसाळ्यात, टर्बो बसायच्या आधी, मी याच टायरवर त्याच घाटातून दोनदा गेले होते, एकदा मागे सहा माणसं बसवून. गाडीने रेषा सोडली नव्हती.