बल्ब मंद झाला ते पान फाडू नका

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. ७८०५ आयसी (५ व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारी चिप) तापला की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पडून वीज तोडणारं सर्किट त्याने केलं, तालुका विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर आला. एक एजंट ४५ हजारांत पेटंट करून देतो. त्यावर परदेशात प्रवेश सोपा होईल. पण मुलगा म्हणतो, ‘आयसी आतूनच स्वतःला सांभाळतो, यात माझा शोध काही नाही.’ फॉर्मवर सही करेपर्यंत त्याची सोल्डरिंग गन मी कपाटात ठेवली आहे. वहीची पानं सोबत जोडतो. त्याला समजवा.
– एक पालक, मिरज

उत्तर : सप्रेम नमस्कार. समजवायचंय ते तुम्हाला.

वहीचं चौथं पान तुम्ही वाचलंत का? हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) काढून, रिले बाजूला ठेवून त्याने आयसीला १२ व्होल्ट दिले आणि आउटपुटवर अर्ध्या अँपिअरचा बल्ब लावला. दोन मिनिटांनी बल्ब मंद झाला. त्याने आयसीवर फुंकर घातली, बल्ब पुन्हा तेजाळला. खाली लिहिलंय, ‘म्हणजे आत कोणीतरी बसलंय.’ या एका ओळीपुढे प्रदर्शनाचं प्रमाणपत्र फिकं आहे. आणि नेमकं हेच पान ‘अर्जातून वगळ’ असं समासात तुमच्या अक्षरात लिहिलंय. सतरा वर्षांच्या मुलाला खरं दिसलं, ते त्याने लिहिलं, आणि बापाने त्यावर काट मारली. मला काळजी याची वाटते, मार्कांची नाही.

मुलगा बरोबर आहे. आत खरंच कोणीतरी बसलंय. नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब विडलर यांनी १९७०च्या सुमारास एलएम१०९ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) केला, तेव्हापासून; ७८०५मध्येही तीच युक्ती आहे. सिलिकॉनच्या जोडावरचा व्होल्टेज तापमान वाढलं की दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. त्याचाच फायदा घेऊन चिपवरच एक छोटा ट्रान्झिस्टर पहाऱ्याला बसवला. चिप दीडशे अंशांच्या वर गेली की तो जागा होतो आणि मुख्य ट्रान्झिस्टरचा पुरवठा आवळतो. करंटवर मर्यादा घालणारी व्यवस्था वेगळी, तीही आतच. तुमच्या मुलाच्या बल्बसाठी १२चे ५ व्होल्ट करताना आयसीला साडेतीन वॉट उष्णता स्वतःत जिरवावी लागत होती; हीटसिंकशिवाय वॉटमागे साधारण ६५ अंश चढतात. गणित करा, पहारेकरी नसता तर आयसी केव्हाच गेला असता.

आता पेटंटचा गैरसमज. एजंट बहुधा तुम्हाला ‘प्रकाशित’ झाल्याचा कागद दाखवेल. आपल्याकडे अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्यात नावीन्य आहे की नाही हे तोवर कुणी तपासलेलं नसतं. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, आणि ती झाली की परीक्षक अर्धशतकापूर्वीचे कागद समोर ठेवेल. मंजूर पेटंट आणि छापून आलेला अर्ज यांत लग्न आणि लग्नपत्रिकेइतका फरक आहे. परदेशातल्या एखाद्या प्राध्यापकाने विचारलं, ‘आयसीत हे असताना रिले कशाला?’, तर मुलाने काय सांगायचं? वडिलांनी सांगितलं म्हणून?

जेईई, एमएचटी-सीईटी द्यायच्याच आहेत, अभ्यास चालू ठेवावा; इलेक्ट्रॉनिक्स किंवा ई अँड टीसी घ्यावं. अॅनालॉग डिझाइन त्याला जमेलसं दिसतं. मेलेली चिप उघडून ती का मेली हे शोधणं हाही एक पूर्णवेळ पेशा आहे, आणि चौथ्या पानावरून तो त्यालाच जास्त शोभेल असं मला वाटतं.

गन आज संध्याकाळी परत करा. एजंटला नाही म्हणा. वाचलेल्या पैशांतले हजार-दीड हजार काढून थर्मोकपलवाला, म्हणजे तापमानही मोजणारा, मल्टिमीटर आणा. आणि मुलाला माझा एक प्रश्न द्या : आउटपुट थेट शॉर्ट केलं तर चिप क्षणात तापते, पण त्याच्या सर्किटमधला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) हीटसिंकवर चिकटवलेला आहे. थर्मिस्टरला ही बातमी किती उशिरा कळते? मोजून कळव म्हणावं. पुढचं पत्र त्याच्या अक्षरात येऊ द्या.