सारखे योगायोग दिसतात, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं आणि निवांत बसलं की हे वाढतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाड्यांच्या नंबरांपासून घड्याळापर्यंत एकच आकडा दिसतो, घरात ज्याचा विषय निघाला त्याचीच जाहिरात मोबाईलवर येते, ऑफिसात दोघं बोलता बोलता थांबले की आपल्याबद्दलच चाललं होतं असं वाटतं, आणि रविवारी निवांत पडलं की हे सगळं दुप्पट होतं. हे योगायोग आहेत की मला काही झालंय, असं विचारलंय.

योगायोग आहेत. आणि ज्याला तुम्ही निवांतपणा म्हणताय, तोच त्यांना खतपाणी घालतोय. 'विश्व तुम्हाला संकेत देतंय' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यातले एक माझ्या घरातच आहेत, माझे भावजी. त्यांच्याकडे नंतर येतो.

आकड्यांचं आधी उरकतो. एका खोलीत २३ माणसं असली तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. बल्गेरियाच्या लॉटरीत सप्टेंबर २००९ मध्ये लागोपाठच्या दोन सोडतींत तेच सहा आकडे निघाले: ४, १५, २३, २४, ३५, ४२. मंत्र्यांनी चौकशी लावली, घोटाळा सापडला नाही. जगभर इतक्या सोडती होतात की कुठंतरी कधीतरी हे व्हायचंच. तुमच्या डोळ्यांसमोरून दिवसाला शेकडो आकडे जातात, त्यातला तुम्ही मनात धरलेला एक तेवढा ध्यानात राहतो. जाहिरातींचं म्हणाल तर तुमचं बोलणं ऐकायची त्यांना गरजच पडत नाही. तुम्ही काय शोधलंत, कुठं गेलात, काय बघत थांबलात, एवढ्यावर त्यांचं भागतं. म्हणजे पाळत आहे, पण ती सगळ्यांवर आहे. तुमच्या एकट्यावर ठेवण्याइतकी फुरसत कुणाला नाही.

आता माझं. हा प्रश्न वाचून हात शिवशिवले, कारण मला चारचौघांत 'पनवती' म्हटलं गेलेलं आहे.

मी विजेच्या ३३/११ केव्ही (म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रात यंत्रचालक होतो. तीन पाळ्या. नाईटला दर तासाला रीडिंग घ्यायचं: व्होल्टेज, एकेका फीडरचे (म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाईनचे) अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान. लॉगशीट भरली की पाचेक मिनिटांत काम संपतं. मग पुढचा तास भरेपर्यंत तुम्ही, पॅनेलवरचे दिवे आणि यार्डातला तो घुमणारा आवाज. झोपायची परवानगी नाही. ज्यानं ही नोकरी केली नाही त्याला वाटतं, काय आराम आहे बुवा.

एकदा चहाच्या वेळी एक वायरमन सहज बोलून गेला, 'हा नाईटला आला की फीडर गेलाच म्हणून समज.' सगळे हसले, मीही हसलो. पण ते चिकटलं. सकाळी रिलीव्हर आला की विचारायचा, 'काल किती पाडले?' गावातून फोन यायचा, 'लाईट कधी येणार' याच्या आधी 'आज ड्युटीला कोण आहे?' पुढं एका साहेबांनी भर बैठकीत, अर्ध्या थट्टेत, मला नाईट देऊच नका म्हणून सांगितलं. शिकलेला माणूस, बिघाड होताच लाईन तोडणारे रिले आणि ब्रेकर कोळून प्यालेला, आणि बोलला ते हे.

त्यानंतर रात्री मला गोष्टी दिसायला लागल्या. रजिस्टर उघडं दिसलं की माझ्या नोंदी कुणीतरी तपासतंय. फोन एकदा वाजून बंद झाला की मी झोपलोय का ते बघताहेत. खुर्ची जागची हललेली. गेटपाशी मोटरसायकल थांबून पुढं गेली की झालंच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही.

दिवसपाळीला मात्र यातलं काहीही व्हायचं नाही! माणसं तीच, टोमणा तोच, रजिस्टर तेच. पण दिवसा लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद करून कामाची परवानगी, द्यायचा असतो, परमिटं लिहायची असतात, तक्रारींचे फोन असतात, कुणी ना कुणी येऊन बसतं. सगळा खेळ रात्री दोन ते चारचा. माणूस अपमानानं पोखरला जातो हे खरं, पण पोखरायला रिकामा तास लागतो, हे मी तिथं शिकलो.

मग मी काय केलं, तर दोन वर्षांच्या लॉगशीट काढल्या आणि नाईटलाच, रीडिंगच्या मधल्या वेळात, आलेखाचा कागद घेऊन बसलो. कुणाची पाळी, कुठला फीडर, किती वाजता ट्रिप (म्हणजे आपोआप बंद), कुठला रिले पडला. सगळं मांडलं. माझ्या पाळीला ट्रिप खरंच जास्त होते, वायरमन खोटं बोलत नव्हता. पण माझ्या निम्म्याहून जास्त नाईट पावसाळ्यातल्या होत्या. बाकीच्यांची शेती होती, पेरणीला त्यांना रात्री मोकळ्या हव्या असायच्या. पुढं गणपतीत ज्याला त्याला घरी राहायचं असायचं. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, रान वाट्यानं दिलेलं, म्हणून अदलाबदली माझ्याशीच व्हायची. आणि पावसाळ्यात ११ केव्ही फीडर ट्रिप होणार नाही तर कधी होणार? उन्हाळाभर इन्सुलेटरवर धूळ बसलेली असते, पहिल्या पावसात ती ओली होते आणि करंटला वाट मिळते. झाडाच्या ओल्या फांद्या तारेला लागतात, वीज पडते, तडा गेलेला पिन इन्सुलेटर पाणी धरतो. दुसऱ्या यंत्रचालकांच्या पावसाळी नाईट काढून बघितल्या, तर त्यांचंही प्रमाण तेच. फक्त माझ्या कोरड्या गेलेल्या नाईट कुणाच्या लक्षात नव्हत्या. का असाव्यात? काही घडलंच नाही अशी रात्र लक्षात ठेवतो कोण?

तो कागद मी सगळ्यांना दाखवला. वायरमननं चहा पीत बघितला, 'असेल बाबा' म्हणाला आणि माझ्या निवृत्तीपर्यंत मला पनवतीच म्हणत राहिला. तेव्हा पुरावा दाखवून लोकांची तोंडं बंद होतील, या भ्रमात राहू नका.

पण माझी रजिस्टरं, फोन, मोटरसायकली सगळं थांबलं. आकडेवारीनं मन निवलं, की त्या आकडेवारीत रात्री गेल्या म्हणून? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. कागद पुरा व्हायच्या कितीतरी आधी, नुसते चौकोन भरत होतो तेव्हाच, गेटवरच्या आवाजाकडं माझं लक्ष जायचं बंद झालं होतं.

आता भावजी. त्या दिवसांत ते म्हणाले, 'तू जरा रिलॅक्स व्हायला शिक,' आणि मला एका ध्यानाच्या वर्गात नेऊन बसवलं. डोळे मिटा, काही करू नका. डोळे मिटले तसा तो चहाच्या वेळचा हशा जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागला. भावजी म्हणाले, तुझ्यात सबुरी नाही. आजही म्हणतात. तर त्यांच्यासाठी: बोर्कोव्हेक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एका सहकाऱ्याबरोबर १९८३ मध्ये नेमकं हेच छापलंय. सतत ताणाखाली असणाऱ्यांना आराम करायला बसवलं, तर काहींची अस्वस्थता उलट वाढली. आणि २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन यांनी माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. करमणुकीला फक्त एक बटण, दाबलं की स्वतःलाच शॉक बसणार. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते दाबलं. आयुष्यभर शॉकपासून लोकांना लांब ठेवण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल बघा. सबुरी नसलेला मी एकटा नाही, एवढंच भावजींना सांगायचंय.

मनाला रिकामं ठेवलं की ते विश्रांती घेत नाही, काम शोधतं. आणि सगळ्यात हाताशी असलेलं काम म्हणजे याचा त्याच्याशी संबंध लावणं. त्यात आयुष्याची सूत्रं आपल्या हातात नाहीत असं वाटत असलं, की मग विचारूच नका. २००८ मध्ये व्हिटसन आणि गॅलिन्स्की यांनी दाखवलं की अशा अवस्थेतल्या माणसांना जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या चित्रांतही नसलेल्या आकृत्या दिसतात. तुमच्या नोकरीत सध्या काही अनिश्चित चाललंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, चाललंय.

रिलॅक्स कसं व्हायचं, तर हाताला असं काम द्या जे मनाला अर्धंच गुंतवेल. मला शेंगांनी तारलं. बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा हातानं फोडाव्या लागतात, दाण्याचं साल निघालं की तो उगवायला बिनभरवशाचा. फोडायचं, चिमलेला दाणा बाजूला, फुटका बाजूला. डोकं लावावं लागत नाही, पण लक्ष पूर्ण काढूनही चालत नाही. नाईट करून आलो की झोप यायची नाही, मग ओट्यावर आईच्या शेजारी सूप घेऊन बसायचो आणि तासाभरात डोळे जड व्हायचे. तुम्ही शहरात असाल तर मेथी निवडा, कपड्यांना बटणं लावा, विणकाम शिका. मोबाईल हे त्यातलं काम नव्हे. त्यानं कंटाळा जातो असं वाटतं, पण दर मिनिटाला नवे आकडे, नव्या बातम्या, नव्या जाहिराती समोर येतात, म्हणजे योगायोगाला तितक्याच जास्त संधी. रविवारी तुम्ही 'निवांत पडता' तेव्हा हातात मोबाईल असतो, हे मी पैजेवर सांगतो.

आकडा फारच छळत असेल तर वही करा. तो दिसला की एक खूण, दुसरा कुठलाही दिसला की दुसऱ्या रकान्यात खूण. दुसरा रकाना भरताना हात दुखेल.

हे सगळं साध्या संशयाबद्दल. ध्यानानं बरं वाटणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांनी ते सोडू नये. कधीकधी खरंच कुणी त्रास देत असतं, तसं असेल तर विश्वासातल्या माणसाला दाखवून खात्री करा. पण रात्री रात्री झोप नसेल, कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, घरच्यांच्या हातचं खाण्याची भीती वाटत असेल, किंवा गांजा-बिंजा चालू असेल, तर शेंगा फोडत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाईन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.

भावजींचा शेवटचा मुद्दा राहिला. मी आणि माझे दोन सहकारी एकाच दिवशी, ३१ मे ला निवृत्त झालो आणि ऐन निरोपसमारंभात लाईट गेली. भावजींच्या मते हे दोन संकेत. पहिल्याचं उत्तर गुरुजींकडे आहे: शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहायचे, आमच्या पिढीत निम्म्या गावाची तीच आहे. एक तारखेला जन्मलेला आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. आणि मे महिन्यातली संध्याकाळ, वळवाचं वारं सुटलेलं, मंडपाच्या मागं लाईनवर झुकलेली बाभळ. ती तोडायला मी लेखी कळवलं होतं, नकलेवर पोच आहे.